कैखुश्रूचा उंट कसा झाला?

सचिन हे एका गावाचे नाव आहे, असे वर्गात सांगितले की आमच्या कॉलेजची मुले हसतात. त्यांच्या दृष्टीने सचिन एकच. पण सुरतेच्या दक्षिणेला, उधना आणि भेस्तान मागे टाकले की सचिन नावाचे स्टेशन लागते. आता तिथे जीआयडीसी आहे, यंत्रमाग आहेत, रंगाचे आणि छपाईचे कारखाने आहेत आणि आपल्या खान्देशातून गेलेली हजारो माणसे आहेत. सकाळी पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर गुजराती, हिंदी, उडिया यांच्या बरोबरीने अहिराणी ऐकू येते. माझी थोरली बहीण लग्न होऊन तिथे गेली, त्याला आता तीस वर्षे होत आली.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी सचिनला गेलो, तेव्हा ताईने ओवाळून झाल्यावर ताट खालीसुद्धा ठेवले नाही. म्हणाली, "भाऊ, ओवाळणी नको मला. पोराला समजाव."

पोरगा म्हणजे माझा भाचा. आयटीआय करून वेल्डर झालेला. काही वर्षे तापीकाठच्या एका जहाज बांधण्याच्या खासगी कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला. शेवटच्या काही महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. त्यानंतर तो सचिनमध्येच एका कारखान्यात पाइप जोडण्याचे काम करतो. आता त्याला आखातातल्या एका गोदीत काम मिळत होते. ताईचा जीव वरखाली. भाऊजी गप्प. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. प्राध्यापक मामाने दोन शहाणपणाचे शब्द सांगावेत, अशी अपेक्षा.

मी इतिहासाचा माणूस. मला आखातातले काय कळणार? संध्याकाळी आम्ही दोघे डुमसच्या किनाऱ्यावर गेलो. भजी खाता खाता भाचा म्हणाला, "मामा, मला लांब जायचं दुःख नाही. आम्ही जी जहाजं जोडली, ती आज कुठे आहेत तेसुद्धा आम्हाला माहीत नाही. एक तर अर्धवटच उभं राहिलं. ते आठवलं की वाईट वाटतं."

तेव्हा मी त्याला एका जहाजाची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

दर्यावर्दींचे संस्थान

आधी सचिनविषयी थोडे. आज इथून समुद्र दिसत नाही, पण हे गाव समुद्राच्याच राजकारणातून संस्थान झाले. जंजिऱ्याचे सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतून आलेले दर्यावर्दी. मुघलांचे आरमार म्हणून त्यांची जहाजे सुरतेच्या आश्रयाला असत. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच सुरतेचा पैसा सिद्दीच्या आरमारावर खर्च होत होता, हे मात्र लक्षात राहत नाही. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि मुघल आरमाराचा मानही सिद्द्यांकडून आपल्याकडे ओढला. पुढे १७९१ मध्ये पेशव्यांनी जंजिऱ्यावरच्या हक्काच्या बदल्यात सिद्दी अब्दुल करीम याकूत खानाला सचिनचा मुलूख दिला. सिद्दीने सचिन घेतले, जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही. डुमसचा हा किनारासुद्धा त्याच सचिन संस्थानातला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

त्याच काळात सुरतेचे कारागीर मुंबईकडे वळत होते. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा पारशी सुतार १७३६ मध्ये कंपनीसाठी मुंबईला गेला. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी झाली. म्हणजे पाणी बाहेर काढून जहाजाच्या तळाचे काम करता येईल अशी गोदी. लवजीच्या मुला-नातवंडांनी मुंबईची गोदी जगाच्या नकाशावर नेली. मुंबईच्या जहाजबांधणीची मुळे अशी तापीच्या काठी आहेत.

सागाचे मोल

युरोपात जहाज ओक लाकडाचे. ओकमध्ये आम्ल असते, ते लोखंडी खिळे खाते. सागात तेल असते, ते खिळ्याला सांभाळते. पाण्यातला किडा लाकूड पोखरतो, तोही सागाला सहज तोंड लावत नाही. शिवाय इंग्लंड फ्रान्सशी वर्षानुवर्षे लढत होते आणि चांगला ओक मिळेनासा झाला होता. आपल्याकडे मलबारचा आणि गुजरातच्या जंगलांतला साग होता.

जोडकामही वेगळे. तिकडे फळीला फळी नुसती टेकवून मधल्या फटीत दोर भरत. सुरत-मुंबईचे सुतार एका फळीच्या कडेला खाच पाडत, दुसरीला जीभ ठेवत, मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालत आणि मग फळ्या एकमेकींत बसवत. परदेशी प्रवाशांनी या कामाचे कौतुक लिहून ठेवले आहे. मी हे सांगत असताना भाचा भजी खायची थांबला. म्हणाला, "म्हणजे लाकडाचं वेल्डिंगच की!"

या सागाची किंमत आपल्या भागाने पुढे मोजली. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले, ते सागासाठी. डांगचे राजे होळीच्या सुमारास आहव्याच्या दरबारात आजही मानधन घेतात, त्याची सुरुवात या पट्ट्यांपर्यंत जाते. नवापूरहून डांगात उतरताना जे सागाचे रान लागते, ते पाहताना मला नेहमी जहाजे आठवतात.

व्यापाऱ्याचा लढवय्या झाला

आता गोष्टीतले जहाज. १७९९ मध्ये मुंबईत सुमारे हजार टनांचे एक सागवानी व्यापारी जहाज पाण्यात उतरले. नाव कैखुश्रू. हे इराणच्या शाहनाम्यातल्या न्यायी राजाचे नाव. पारशी घरांत आजही मुलांना ठेवतात. असे जहाज कापूस, धान्य, माल वाहून आपल्या मालकाला पैसा मिळवून देण्यासाठी असते. सहा वर्षांनी त्याचे नशीब बदलले.

१८०५ मध्ये पूर्वेकडच्या इंग्रज आरमाराचा प्रमुख होता अ‍ॅडमिरल एडवर्ड पेल्यू. त्याच्यापुढे अडचण अशी होती की, मॉरिशस फ्रेंचांच्या हातात होते. तिथून फ्रेंच लुटारू जहाजे सुटत आणि कंपनीचा माल पळवत. त्यांच्यामागे धावायला फ्रिगेटी हव्यात. फ्रिगेट म्हणजे वेगवान, मध्यम आकाराचे, एका मुख्य डेकवर तोफा असलेले लढाऊ जहाज. इंग्लंडहून ती येईपर्यंत वर्ष जायचे. पेल्यूने हिंदुस्थानातच तयार असलेली मजबूत सागवानी जहाजे विकत घ्यायला सुरुवात केली. मार्क्विस कॉर्नवॉलिस, डंकन, सर एडवर्ड ह्यूज आणि आपले कैखुश्रू. ही सगळी मुंबईत बांधलेली.

व्यापारी जहाजाचे लढाऊ जहाज करणे म्हणजे नुसत्या तोफा चढवणे नव्हे. बाजूच्या भिंतीत तोफांसाठी खिडक्या पाडाव्या लागतात. तोफेचे वजन आणि बार उडताना बसणारा धक्का सोसायला डेकखालचे वासे भक्कम करावे लागतात. दारूखाना पाण्याच्या पातळीखाली, ठिणगी पोहोचणार नाही असा बांधावा लागतो. जिथे शे-सव्वाशे खलाशी पुरत, तिथे अडीच-तीनशे माणसे झोपवावी लागतात. कच्चे लाकूड असते तर हे ओझे झेपलेच नसते. कैखुश्रूवर चाळीस तोफा चढल्या आणि त्याचे नाव बदलले. इंग्रज आरमारात ते झाले हिज मॅजेस्टीज शिप होव, एका इंग्रज अ‍ॅडमिरलच्या नावावरून.

वेलस्ली घरी गेला तो याच जहाजातून

या नव्या फ्रिगेटचा कप्तान झाला जॉर्ज कॉकबर्न. याच माणसाने पुढे १८१४ मध्ये अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन जाळण्यात पुढाकार घेतला आणि १८१५ मध्ये कैदी नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर पोहोचवले. पण १८०५ मध्ये त्याच्यावर दुसरी कामगिरी होती. गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्लीला कलकत्त्याहून इंग्लंडला न्यायचे.

मराठी वाचकाला हे नाव परके नाही. १८०० मध्ये सुरतेच्या नबाबाकडून शहराचा कारभार काढून घेतला गेला, तो वेलस्लीच्याच धोरणाने. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, तो याच्या कारकिर्दीत. पुढच्या वर्षी याच्या धाकट्या भावाने, आर्थर वेलस्लीने, असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. त्याच युद्धात आपले बऱ्हाणपूर आणि असीरगड इंग्रजांनी घेतले. शिंदे-भोसल्यांचे बळ मोडणारा हा माणूस ऑगस्ट १८०५ मध्ये परत निघाला आणि जानेवारी १८०६ मध्ये इंग्लंडला पोहोचला. त्याला सुखरूप पोहोचवणाऱ्या फळ्या सागाच्या होत्या आणि त्या मुंबईच्या सुतारांनी जोडल्या होत्या.

हे सांगताना मला थोडे अवघड वाटले. भाच्याने मात्र सरळ प्रश्न केला, "सुताराला काय माहीत, जहाजात उद्या कोण बसणार?" खरे आहे. ज्याने जोड पक्का घातला त्याच्याकडे कोण दोष देईल? पण गोष्ट तिथे संपत नाही.

फ्रिगेटचा उंट

लंडनच्या अधिकाऱ्यांनी होवकडे पाहिले आणि ठरवले की याच्या पोटात जागा भरपूर आहे, तेव्हा याला लढवण्यापेक्षा सामान वाहायला लावावे. १८०६ मध्ये तोफा कमी करून चोवीसवर आणल्या आणि नाव पुन्हा बदलले. नवे नाव ड्रॉमेडरी, म्हणजे एका वशिंडाचा उंट. ओझे वाहणाऱ्या जहाजांना त्या आरमारात अशी जनावरांची नावे देत. पेल्यूने घेतलेल्या सर एडवर्ड ह्यूजचे असेच कासव झाले. न्यायी राजाचा अ‍ॅडमिरल आणि अ‍ॅडमिरलचा उंट, असा हा सात वर्षांतला प्रवास.

पण या उंटाने जगाच्या इतिहासात आपली पावले उमटवली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स ही इंग्रजांची कैद्यांची वसाहत होती. तिथल्या पलटणीने २६ जानेवारी १८०८ रोजी आपल्याच गव्हर्नरला, विल्यम ब्लायला, कैद केले होते. त्याच्या जागी लाकलन मॅक्वारी हा लष्करी अधिकारी निघाला, तो पत्नीसह ड्रॉमेडरीवरून. मे १८०९ मध्ये इंग्लंड सोडलेले जहाज रिओ आणि केप करत डिसेंबरच्या शेवटी सिडनीला लागले. १ जानेवारी १८१० रोजी मॅक्वारीने सूत्रे घेतली. आज न्यू साउथ वेल्समध्ये रस्ता, विद्यापीठ, नदी सगळीकडे त्याचे नाव आहे.

या मॅक्वारीला मुंबई नवी नव्हती. त्याचे पहिले लग्न १७९३ मध्ये मुंबईत झाले. त्या पत्नीचे, जेनचे, १७९६ मध्ये मकाऊला निधन झाले. तिचे दफन त्याने मुंबईत आणून केले. आणि त्याच्याबरोबर जॉर्ज जार्विस नावाचा एक नोकर होता. १७९५ मध्ये मॅक्वारीने कोचीनला लहानपणी विकत घेतलेला हा मुलगा. त्याचे खरे नाव कागदावर उरले नाही. मालकाने पत्नीच्या माहेरचे आडनाव त्याला चिकटवले. नाव बदललेले जहाज आणि नाव बदललेला माणूस, दोघे हिंदुस्थानातले.

१८२० मध्ये ड्रॉमेडरी न्यूझीलंडला गेले. तिथल्या कौरी वृक्षांच्या सरळसोट खोडांतून इंग्रज जहाजांसाठी डोलकाठ्या आणायच्या होत्या. दहा महिने ते तिथे होते. जहाजावरच्या रिचर्ड क्रूझ या लष्करी अधिकाऱ्याने त्या मुक्कामावर लिहिलेले पुस्तक १८२३ मध्ये निघाले, ते माओरी लोकांच्या त्या काळच्या जीवनासाठी अजून वाचले जाते. त्याच वर्षी त्याच कामाला आणखी एक जहाज तिथे आले, कोरोमंडल. तेही आपल्याकडचेच. कलकत्त्यात बांधलेले, मूळ नाव कुबेर, तेही व्यापारी जहाज म्हणून जन्मलेले. न्यूझीलंडच्या नकाशावर आज जो कोरोमंडल द्वीपकल्प दिसतो, त्याला नाव या जहाजावरून मिळाले आहे. वाचकांनी नातवंडांच्या भूगोलाच्या पुस्तकात जरूर शोधावे.

तरंगता तुरुंग

इथपर्यंत ऐकायला बरे वाटते. पुढचे दिवस वाईट आहेत. १८२५-२६ च्या सुमारास ड्रॉमेडरीची रवानगी अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटावर झाली, ती तुरुंग म्हणून. इंग्रजांना तिथे आरमारी गोदी बांधायची होती. त्यासाठी इंग्लंड-आयर्लंडचे कैदी आणले. त्यांना ठेवायला जमिनीवर तुरुंग नव्हता, म्हणून जुन्या जहाजांच्या डोलकाठ्या काढून, वर छप्पर घालून, ती किनाऱ्याला कायमची बांधली. दिवसभर कैद्यांनी चुनखडीचे दगड फोडायचे आणि रात्री जहाजाच्या पोटात कोंडून राहायचे. उन्हाळ्यात आतली हवा कोंदट, त्यात पीतज्वराच्या साथी. १८२४ ते १८६३ या काळात सुमारे नऊ हजार कैदी तिथे होते. कित्येक परत गेलेच नाहीत. कुबेराचे कोरोमंडल झालेले ते जहाजही तिथेच तुरुंग झाले. हे दोघे मित्र पुन्हा भेटले ते असे.

१८४८ मध्ये ड्रॉमेडरीवर एक राजकीय कैदी आला. जॉन मिचेल, आयर्लंडचा पत्रकार आणि इंग्रज सत्तेचा कडवा विरोधक. त्याने तुरुंगात रोजनिशी लिहिली. ती १८५४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि आयरिश स्वातंत्र्यवाद्यांनी पिढ्यानपिढ्या वाचली. अंदमानच्या आठवणी आपल्याकडे जशा वाचतात, तशी. वेलस्लीला घरी नेणाऱ्या फळ्यांनी इंग्रजांच्या एका शत्रूलाही आपल्या पोटात ठेवून घेतले. आणि गंमत पाहा, वेलस्लीही जन्माने आयर्लंडचाच.

१८६४ मध्ये जहाज मोडून टाकले. पासष्ट वर्षे. व्यापारी जहाज, फ्रिगेट, सामानवाहू आणि तुरुंग. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे एका जागी, दोरांनी बांधलेले. १९८० नंतरच्या काळात ज्या पाण्यात ते उभे असे, तिथल्या चिखलात पाणबुड्यांनी शोध घेतला. कैद्यांनी खिडकीतून टाकलेल्या, हातून निसटलेल्या वस्तू सापडल्या. नाणी, बटणे, चिलमी, जुगाराच्या सोंगट्या, हाडांवर केलेले बारीक कोरीवकाम. मरणाच्या उकाड्यात रात्री बसून कोणीतरी हाडावर नक्षी काढत होते. माणसाचे हात गप्प बसत नाहीत.

नाव कुठे आहे?

भाच्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मामा, त्या जहाजावर सुतारांची नावं होती का हो?"

मी त्याला कैखुश्रूच्या एका भावंडाची गोष्ट सांगितली. पेल्यूने घेतलेल्या चार जहाजांतले कॉर्नवॉलिस हे लवजीचा नातू जमशेदजी बमनजी वाडिया याच्या हातचे. गोष्ट अशी सांगतात की, इंग्रज अधिकारी काळ्या माणसाला हिणवीत, म्हणून जमशेदजीने १८०० मध्ये त्या जहाजाच्या पोटातल्या एका मोठ्या तुळईवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, अशा अर्थाचे शब्द कोरून ठेवले, आणि त्यात गोऱ्यांच्या तोंडची शिवीही घातली. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले तेव्हा त्यानेच ते दाखवले. त्या जहाजाचे नावही १८११ मध्ये बदलले. ते मात्र अकबर झाले. मुंबईच्याच गोदीतले १८१७ चे ट्रिंकोमाली तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. लोक तिकीट काढून बघायला जातात. दोनशे वर्षे उलटली तरी साग शाबूत आहे.

भाचा हसला. म्हणाला, "आमचाही असतो, मामा. नाव नाही, नंबर. प्रत्येक वेल्डरला नंबर दिलेला असतो. जोड पूर्ण झाला की शेजारी लिहायचा. तपासणीत जोड फुटला तर कोणाचा ते कळतं. नंतर रंग देतात, मग दिसत नाही. पण खाली असतो."

"आणि तुझे किती फुटले?"

"पहिल्या वर्षी दोन. त्यानंतर एकही नाही."

अंधार पडल्यावर आम्ही परत निघालो. हजिऱ्याच्या बाजूला दिवे लागले होते. तिथल्या गोदीत तटरक्षक दलाच्या नौका बांधल्या गेल्या आहेत, हे त्यानेच मला सांगितले. तिथे अर्ज केला आहेस का, असे मी विचारले. केला आहे, म्हणाला, पण बोलावणे आलेले नाही.

घरी ताई दारातच उभी होती. "समजावलंस का?" मी म्हणालो, "ताई, त्याला कामाची लाज नाही आणि कामात खोट नाही. आता जायचं की राहायचं, ते त्याला ठरवू दे. दोन वर्षांचा करार आहे, जन्मठेप नाही. फक्त कागद नीट वाचून सही करायची, पगार बँकेत यायला हवा आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय." ताईने डोळ्यांना पदर लावला. मग आत जाऊन त्याच्यासाठी करंज्यांचा डबा भरू लागली. अजून तर तिकीटही काढलेले नव्हते.

फेब्रुवारीत तो गेला. पंधरा दिवसांनी त्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. नव्या जहाजाच्या पोलादी भिंतीवर एक लांबलचक जोड आणि त्याच्या शेजारी खडूने लिहिलेला एक आकडा. खाली एवढेच लिहिले होते, "मामा, रंग द्यायच्या आधी काढला."